तीन नंबरचा आवाज

त्या सोमवारी विशेष असं काहीच घडलं नाही. निदान घरातल्या तिघांपैकी दोघांना तसंच वाटलं.

एप्रिल महिना होता, साल २००८. सोमवार म्हणजे फाउंड्रीची सुट्टी. भाऊसो कुरणे यांनी सकाळी दारात बसून पाय धुतले. टाचा खरवडल्या, बोटांच्या बेचक्यांतून पाणी सोडलं, आणि मग ओलं फडकं घट्ट पिळून मला पुसलं. आधी पाय, मग मी. हा क्रम तीन वर्षांत कधी बदलला नव्हता.

आतून त्यांच्या पत्नी शालूबाईंनी विचारलं, "च्या तुमास्नी देऊ, का त्या मशीनलाच पाजू?"

"दोघांस्नी आण," भाऊसो म्हणाले. "त्याला साखर कमी."

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे. तुम्ही मला पाहिलं असेल, पण लक्षात ठेवलं नसेल. स्टेजवर बेस गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी एक चपटा लोखंडी डबा पडलेला असतो, तो मी. गिटारची वायर माझ्यात येते आणि माझ्यातून स्पीकरकडे जाते. मधल्या वाटेवर मी आवाजाला आकार देतो. पातळ असेल तर भरीव करतो, धारदार असेल तर गोल करतो. हवं असेल तर त्याच्याखाली आणखी एक सप्तक अंथरतो. माझ्या अंगावर चार पायपट्ट्या आहेत आणि एक लाल आकडा लुकलुकतो. एकेका आकड्याखाली एकेक तयार आवाज ठेवलेला असतो. पट्टी दाबली की आकडा बदलतो आणि आवाजही.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. आम्ही सगळे सारखे होतो आणि आमच्यात ठेवलेले आवाजही सारखे होते. खोक्यात माझ्यासोबत एक सीडी होती. मला संगणकाला जोडायचं असेल तर ती लागते, असं तिच्यावर लिहिलं होतं. माझा पहिला मालक मुंबईचा होता. त्याने वर्षभरात दुसरा प्रोसेसर घेतला आणि मी मिरजेच्या एका दुकानात फडताळावर आलो. तिथून २००५ साली भाऊसोंनी मला एसटीने, मांडीवर ठेवून, कोल्हापूरला आणलं. सीडीचं खोकंसुद्धा त्यांनी फेकलं नाही.

भाऊसो फाउंड्रीत फेटलिंगला होते. साच्यातून निघालेल्या ओतीव लोखंडाच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करायच्या, हे काम. दिवसभर कर्कश आवाज आणि बारीक काळी धूळ. संध्याकाळी घरी आले की ते आधी अर्धा तास गप्प बसत. शालूबाई त्या वेळात भांडंसुद्धा वाजू देत नसत. मग ते गिटार मांडीवर घेत आणि वायर माझ्यात खोचत.

नागसेन नावाच्या गायकाची एक गायन पार्टी होती. भीमजयंतीच्या महिन्यात ती गावोगाव जाई. हुपरी, कागल, मलकापूर, आणि मधली कितीतरी छोटी गावं. ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, कोरसला दोघं आणि बेसला भाऊसो. नागसेन त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान होते आणि त्यांना आण्णा म्हणत.

भाऊसो स्टेजवर अनवाणी वाजवायचे. समोर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो असतो, तिथे चप्पल घालून कसं उभं राहायचं, एवढंच त्याचं कारण होतं. पण त्यातून एक सवय लागली. ते मला बुटाने नव्हे, अंगठ्याने वाजवायला शिकले. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून त्यांनी माझ्या पट्ट्यांवर चिकटवले. पहिल्या पट्टीवर एक, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, आणि चौथी गुळगुळीत. खाली न बघता अंगठ्याला कळायचं.

आणि त्यांनी माझे आवाज बदलले. कारखान्यातून आलेले आवाज त्यांना परके वाटत. "ह्यो आवाज आपल्या माणसांत बसत न्हाय," ते म्हणत. मग ते माझी बटणं फिरवत, पण कशी? कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी आठवून आठवून, एका वेळी एकच खटका. त्याला ते 'एक दाणा' म्हणायचे. "हुपरीला खालचा आवाज जरा फुगलाता. एक दाणा कमी." "मलकापुरात ढोलकीच्या अंगावर जात हुतो. एक दाणा मागं." असे दाणे वेचत वेचत त्यांनी चार आवाज घडवले. एक नंबरला ते गोधडी म्हणत, कारण तो मऊ होता. दोन नंबर म्हणजे रस्ता, चालीच्या गाण्यांना. चार नंबर साधा, त्याला नाव नव्हतं. तीन नंबर विहीर. तो संथ गाण्यांसाठी होता. एक सूर वाजवला की खालून त्याची सावली यायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की आपण काठावर उभे आहोत.

लोकांनी कधी बेस गिटारची स्तुती केली नाही. बेस नीट वाजत असेल तर तो कुणाच्या लक्षातच येत नाही, चुकला तरच लक्षात येतो. पण एकदा कागलला एक म्हातारी बाई स्टेजच्या कडेला आली आणि भाऊसोंच्या पायाकडे बघत म्हणाली, "ते खालनं काय घुमतंय ते तुमचं व्हय? छातीत लागतंय बघा." भाऊसो वर्षभर ते सांगत होते.

भाऊसोंची मुलगी संघप्रिया. २००६ साली ती बारावी झाली आणि तिच्या कॉलेजसाठी घरात जुना संगणक आला. तिने माझी सीडी त्यात घातली आणि वायरने मला जोडलं. पडद्यावर माझं चित्र उमटलं. माझी सगळी बटणं, सगळे आकडे, चारही आवाजांच्या पोटातलं सगळं.

भाऊसो कितीतरी वेळ बघत राहिले. "माझ्या पायाखालचं तुझ्या डोळ्याम्होरं आलं की गं," ते म्हणाले.

त्या दिवशी तिने त्या चार आवाजांची एक प्रत संगणकात ठेवली. "मशीन बिघडलं तरी आवाज जातील असं न्हाय आता," तिने वडिलांना सांगितलं. भाऊसोंनी ही गोष्ट पार्टीतल्या प्रत्येकाला सांगितली. "माझं आवाज पोरीजवळ हायत."

पुढची दोन वर्षं ते दाणा दाणा फिरवत राहिले. विहीर तेव्हाच कुठे खरी विहीर झाली. संगणकातली प्रत मात्र २००६ चीच राहिली.

आता त्या सोमवारकडे येतो.

"संघा," चहा पिऊन भाऊसो म्हणाले, "ह्या पट्ट्या ढिल्या पडाय लागल्यात. शनिवारी हुपरी हाय. त्याआधी आवाज नव्यानं भरून ठेव त्या कॉम्प्युटरात."

"करतो की, आप्पा."

"चार डाव म्हटलीस करतो की."

"आत्ता करतो. ठेवा हितं."

तिच्या कॉलेजचा प्रोजेक्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. तो अर्धा टाइप झालेला होता. तिने मला वायर लावली आणि सीडीतला तो प्रोग्राम उघडला. पडद्यावर दोन बाण असतात. एक यंत्राकडून संगणकाकडे, दुसरा संगणकाकडून यंत्राकडे. तिने एक बाण दाबला. पडद्याने इंग्रजीत विचारलं, जुनं पुसून नवं ठेवू का? ती मनात प्रोजेक्टचं वाक्य जुळवत होती. जुनं म्हणजे २००६ चं, नवं म्हणजे आजचं, असं तिला वाटलं. तिने हो म्हटलं.

मित्रांनो, बाण उलटा होता. संगणकातली जुनी प्रत माझ्यात उतरू लागली. दोन वर्षांचे दाणे एका पट्टीसारख्या हिरव्या रेघेखाली गेले. बारा सेकंद लागले. मला त्या वेळी ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण माझ्यात जे घातलं जातं तेच माझ्यातून बाहेर पडतं, आपलं म्हणून मला काही बोलता येत नाही.

रेघ पूर्ण झाल्यावर तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिचा हात माउसवर तसाच राहिला. तिला कळलं होतं. मग तिने वायर काढली, मला उचललं आणि बाहेर आणून ठेवलं.

"झालं?" भाऊसोंनी विचारलं.

"झालं."

तिला वाटलं, फरक तो असा कितीसा असणार. नावं तीच, आकडे तेच. दोन-चार खटक्यांनी काय होतं? प्रोजेक्ट देऊन झाला की सांगू.

शनिवारी हुपरीत चांदीची दुकानं बंद झाली आणि चौक भरला. पहिलं गाणं गोधडीवर होतं. भाऊसोंनी सुरुवातीचे चार सूर वाजवले आणि मान तिरकी केली. दुसऱ्या गाण्यात खाली वाकून माझ्याकडे पाहिलं. ते मला स्टेजवर कधीच बघत नसत. तिसऱ्या गाण्याला अंगठा तीन तुकड्यांवर आला, विहीर लागली, आणि त्यांची बोटं एक मात्रा थांबली. ढोलकीवाल्याने वळून पाहिलं. उरलेला सगळा कार्यक्रम त्यांनी चार नंबरवर, साध्या आवाजात काढला.

गाडीत त्यांनी विचारलं, "नागसेन, आवाज पातळ लागत हुता का रं?"

"न्हाय आण्णा. नेहमीसारखाच की."

"विहीर?"

"कंची विहीर?"

"तीन नंबर."

"आम्हाला तर तसाच आला बघा. ऊन लागलं असंल तुमास्नी."

घरी आल्यावर भाऊसो जेवायला बसले. संघप्रिया वाढत होती.

"संघा, त्या दिवशी आवाज भरलीस, तवा काय बदललं न्हाय न्हवं?"

तिच्या हातात भाकरी होती. ती त्यांच्या ताटात ठेवून ती म्हणाली, "न्हाय, आप्पा. काय बी बदललं न्हाय."

भाऊसोंनी मान हलवली. ते हिशेबी डोक्याचे होते. मशीन बदललेलं नाही. पार्टीतल्या सहाही जणांना आवाज तसाच येतो. मग बदललं कोण, ते उघड होतं.

त्यांनी पुढच्या कार्यक्रमांआधी विहीर पुन्हा शोधायचा प्रयत्न केला. पण जो माणूस स्वतःच्या कानांच्या भरवशावर दाणे वेचत होता, त्याचा आता कानांवर भरवसा उरला नव्हता. एक दाणा पुढे, मग दोन मागे, मग पुन्हा पुढे. "कसा येतोय?" ते शालूबाईंना विचारत. शालूबाई म्हणत, "ग्वाड येतोय की." ग्वाड म्हणजे काय, हे त्यांना विचारता येत नव्हतं. आठ दिवसांत ते विहिरीपासून इतके लांब गेले, की परत यायची वाटही राहिली नाही.

संघप्रियानेही एकदा दुपारी घरी कुणी नसताना मला संगणकाला जोडलं. गिटारची तार छेडून ती पडद्यावरची बटणं एकेक खटका फिरवत बसली. आठवेल ते आकडे कागदावर लिहीत होती, खोडत होती. दीड तासाने तिने कागद चुरगाळला. तिला फरक ऐकूच येत नव्हता. जे पुसलं ते काय होतं, हेच तिला माहीत नव्हतं.

मे महिन्यात ती वडिलांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासणीचा कागद मिळाला. त्यावर एक रेघ होती, डावीकडे वर, उजवीकडे घसरत गेलेली. डॉक्टर म्हणाले, फाउंड्रीत वीस वर्षं काढली की असं होतंच. शिट्टीसारखे बारीक आवाज तुम्हाला आता कमी येणार. भाऊसोंनी एवढंच ऐकलं आणि कागद घडी करून खिशात घातला.

रिक्षात संघप्रियाने तो कागद मागून घेतला. रेघेची डावी बाजू म्हणजे खालचे सूर. तिथे रेघ सरळ होती, अगदी सपाट, विशीतल्या पोराची असावी तशी. बेस गिटार सगळी त्या डाव्या बाजूलाच राहते. ती शिकलेली मुलगी होती, तिला तो कागद वाचता येत होता. तिने तो वाचला आणि परत दिला.

"काय म्हणतंय?" भाऊसोंनी विचारलं.

"डॉक्टर म्हटलं तेच."

मित्रांनो, पहिल्या दिवशी ती चूक होती. रिक्षात ती चूक राहिली नव्हती.

जूनमध्ये नागसेन घरी आले तेव्हा भाऊसोंनी त्यांना सांगितलं, "दुसरा कोण तरी बघ. माझं कान गेलं."

"आण्णा, तुम्ही नुस्तं हुबं राहिलासा तरी चालंल."

"बेस म्हंजे फोटो न्हवं नुस्तं हुबं राहायला."

त्यांनी मला पुसलं. पण त्या दिवशी आधी पाय धुतले नाहीत. शालूबाईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांनी मला कॉटखाली सरकवलं. गिटार खुंटीवर गेली. तिच्या तारांना गंज चढला आणि माझ्या पट्ट्यांवरचे रबराचे तुकडे वाळून सुटू लागले. एकदा एक मुंगी तीन नंबरच्या पट्टीखालून आत शिरली आणि तिथेच मेली. कॉटखाली मी सोळा महिने होतो.

वरून खोकल्याचा आवाज येई. आधी सकाळी, मग सकाळ-संध्याकाळ, मग दिवसभर. ग्राइंडरची धूळ छातीत बसली होती. संघप्रिया त्यांची पाठ चोळायची, वाफ द्यायची, औषधं वेळेवर द्यायची. शेजारणी म्हणत, मुलगी असावी तर अशी. कित्येकदा ती कॉटवर बसून "आप्पा" अशी सुरुवात करी. ते म्हणत, "काय गं?" ती म्हणे, "पाणी देऊ?" लुगड्याच्या फटीतून मला तिचे पाय दिसायचे. डाव्या पायाचा अंगठा जमिनीवर घासत राहायचा, एखादी पट्टी शोधावी तसा.

ऑक्टोबर २००९ मध्ये भाऊसो गेले. ते एकोणपन्नास वर्षांचे होते.

पाचव्या दिवशी गल्लीतल्या विहारात जलदान विधी झाला. संघप्रियाने मला कॉटखालून काढलं, लुगडं सोडलं, आणि ओल्या फडक्याने पुसलं. फोटोच्या मेजाखाली गिटार उभी केली, तिची वायर माझ्यात खोचली आणि मला वीज दिली. वर मेणबत्त्या होत्या, खाली माझा लाल आकडा. तो तीनवर होता, कारण शेवटी तिथेच थांबला होता.

बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील घेतलं. मग आदरांजली. तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडे या वेळी माइक फिरतो. ज्याला दोन शब्द बोलायचे त्याने उठून बोलायचं. फाउंड्रीतले एक जण बोलले, भाऊसोंनी कधी दांडी मारली नाही म्हणाले. मग नागसेन उठले. त्यांचा आवाज बसलेला होता.

"आण्णांनी आमच्या पार्टीला पाया दिला," ते म्हणाले. "पण नशीब बघा कसं असतंय. ज्या कामावर पोट भरलं त्याच कामानं कान न्हेलं. शेवटी शेवटी त्यास्नी सूर कळंना झालं. आमचा आवाज बरोबर असायचा आन् आण्णा म्हणायचं, चुकतंय. आम्ही वरनं व्हय म्हणायचो. कलाकाराला यापरीस वाईट मरण न्हाय."

लोकांनी माना हलवल्या. शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी पाहिलं, हे वाक्य आता सगळ्यांच्या घरी जाणार होतं. उद्या, पुढच्या जयंतीला, दहा वर्षांनी. भाऊसो कुरणे? चांगला माणूस, पण शेवटी कान गेले त्याचे.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची आत्मकथा ऐकवायची ती काही मागण्यासाठी. मला पाण्यापासून जपा, वायर ओढू नका, पुसण्याआधी पडदा काय विचारतो ते नीट वाचा, हे मी सांगायला हवं. ते सांगतोच. पण पुसलं गेलेलं मला परत आणता येत नाही, आणि कुणाला आणता येत असेल असं मला वाटत नाही. ज्याचं पुसलं गेलं त्याला मात्र ते त्याच दिवशी सांगता येतं. बारा सेकंदांत झालेल्या गोष्टीला दीड वर्ष लावू नका. माझी निगा राखली नाही तरी चालेल, पण एवढं राखा.

माइक पुढे सरकत होता. संघप्रियाच्या शेजारी बसलेल्या आत्याने तो घेतला नाही, पुढे द्यायला हात केला. संघप्रियाने तो मधेच धरला आणि उभी राहिली. काही क्षण ती लोकांकडे तोंड करून होती. मग वळली, फोटोकडे. माझ्या अगदी समोर तिचे पाय होते, अनवाणी आणि स्थिर.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमचं कान गेलं न्हवतं."

विहारात कुणीतरी खाकरलं आणि थांबलं.

"त्या सोमवारी मी उलटा बाण दाबला. तुमचा दोन वर्षांचा आवाज मी पुसला आन् तुमास्नी झालं म्हटलं. तुम्ही जेवताना इचारलासा, तवा मी न्हाय म्हटलं. रिक्षात इचारलासा, तवा बी खरं सांगितलं न्हाय. आवाज बदललाता, आप्पा. तुम्ही बरोबर म्हणत हुतासा. पार्टीत कुणालाच कळलं न्हाय, आईला न्हाय, मला तर अजून बी कळत न्हाय. आमच्या सगळ्यांत तेवढं एकट्या तुमालाच ऐकू आलं."